‘नेक्स्ट टॉप मॉडेल’ देशोदेशी विकली जाते ती कशी?

जुलै २०१५ मध्ये एमटीव्हीवर ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या मॉडेलिंग स्पर्धेची भारतीय आवृत्ती, ‘इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’, सुरू झाली आणि २०१८ पर्यंत तिची चार पर्वे झाली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच वाहिनीने ‘सुपरमॉडेल ऑफ द इयर’ नावाचा दुसरा कार्यक्रम आणला. त्यातही देशभरातून निवडलेल्या तरुणी होत्या, फोटोशूट होते, परीक्षक होते आणि टप्प्याटप्प्याने एकेक स्पर्धक बाद होत होती. आधीच्या कार्यक्रमाच्या शेवटच्या दोन पर्वांतले मलायका अरोरा आणि मिलिंद सोमण हे परीक्षकही इथे पुन्हा दिसले. मग पहिल्या कार्यक्रमासाठी अमेरिकेतून घ्यावा लागलेला परवाना नेमका कशाचा होता, आणि दुसऱ्यासाठी तो का लागला नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना टीव्हीवरची मॉडेलिंग स्पर्धा आतून कशी चालते आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिचे काय बदलते, हे बरेचसे उलगडते.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. ‘तरुणींना एका घरात ठेवा, दर आठवड्याला त्यांची छायाचित्रे काढा आणि जिचे छायाचित्र सर्वांत कमजोर ठरेल तिला घरी पाठवा’ ही नुसती कल्पना आहे, आणि कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. ब्रिटनमधील सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांनी याचा अनुभव घेतला. ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या त्यांच्या गाजलेल्या कलागुण-स्पर्धेसारखाच कार्यक्रम न्यूझीलंडच्या सरकारी प्रसारण संस्थेने त्याच नावाने केला, म्हणून त्यांनी दावा लावला. हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडसाठी तेव्हा अपिलाचे शेवटचे न्यायालय असलेल्या संस्थेपर्यंत, गेला आणि तिथे १९८९ मध्ये ग्रीन हरले. नाव, ठरावीक वाक्ये आणि टाळ्या मोजणारे यंत्र एवढ्यांवरून सलग सादर करता येईल अशी ‘नाट्यकृती’ सिद्ध होत नाही, असे त्या निकालाचे सार होते. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली ‘स्वयंवर’ या प्रस्तावित कार्यक्रमाच्या खटल्यात थोडी वेगळी भूमिका घेतली. निर्मात्याने तपशीलवार फुलवलेली आणि वाहिनीला विश्वासाने सांगितलेली संकल्पना वाहिनीने परस्पर वापरू नये, असे मानून न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे संरक्षण मिळते ते तपशिलाला आणि विश्वासाला. मूळ कल्पना मोकळीच राहते.

तरीही जगभरच्या वाहिन्या परवाना घेतात, कारण परवान्यासोबत कल्पनेपेक्षा बरेच अधिक हाती येते. एक तर नाव मिळते, आणि ते प्रेक्षकांच्या व जाहिरातदारांच्या आधीच ओळखीचे असते. त्याखेरीज या व्यवसायात ज्याला ‘बायबल’ म्हणतात ती जाडजूड मार्गदर्शिका मिळते. ऑडिशन कशा घ्यायच्या, घरात कॅमेरे कुठे ठेवायचे, कोणत्या भागात मेकओव्हर आणायचा, निकालाच्या खोलीत परीक्षक आणि स्पर्धक कुठे उभे राहतील, पार्श्वसंगीत कधी थांबेल, चित्रीकरणाला किती दिवस आणि किती माणसे लागतील, अशा गोष्टी अशा मार्गदर्शिकेत लिहिलेल्या असतात. पूर्वी इतर देशांत हा कार्यक्रम उभा केलेले सल्लागारही बहुधा मदतीला येतात. थोडक्यात, दुसऱ्या कोणीतरी पैसे मोजून केलेल्या चुका आपल्याला पुन्हा कराव्या लागू नयेत, यासाठी ही किंमत असते. ‘बिग बॉस मराठी’च्या मागेही हाच व्यवहार आहे, तिथे मूळ मालमत्ता नेदरलँड्समधील ‘बिग ब्रदर’ची. मात्र चार पर्वांचा अनुभव गाठीशी आला की वाहिनीला या शिदोरीची गरज उरत नाही. एमटीव्हीने २०१९ मध्ये स्वतःच्या नावाचा कार्यक्रम आणला त्यामागचा हिशेब मला तरी हाच दिसतो.

मूळ कार्यक्रम म्हणजे ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’. २० मे २००३ रोजी यूपीएन या तुलनेने छोट्या अमेरिकी वाहिनीवर त्याचा पहिला भाग दाखवला गेला. तो घडवला टायरा बँक्स या सुपरमॉडेलने, निर्माते केन मॉक यांच्या साथीने. त्यातल्या एका भागाचा क्रम सहसा ठरलेला असे. घरात एक कोड्यासारखा निरोप येई. त्यावरून एखादा धडा आणि एखादे लहान आव्हान ठरे, म्हणजे रॅम्पवर चालणे, मुलाखत देणे, अवघड कपडे सांभाळणे आणि यासारखे काही. आव्हान जिंकणारीला बक्षीस मिळे. मग मोठे फोटोशूट होई आणि शेवटी परीक्षकांपुढे प्रत्येकीचे एकच निवडक छायाचित्र ठेवून चर्चा होई. त्यानंतर टायरा एकेक छायाचित्र हाती देत नाव पुकारे, आणि उरलेल्या दोघींपैकी एकीला घरी जावे लागे. काही भागांनंतर उरलेल्या स्पर्धकांना परदेशी नेले जाई आणि अखेर रॅम्पवरच्या चालीने विजेती ठरे.

या क्रमात एकही पायरी निव्वळ शोभेची नाही. सगळ्या जणी एका घरात राहतात, त्यामुळे वेगळ्या कथानकाचा खर्च न करता भांडणे, मैत्री आणि रडारड कॅमेऱ्यात येते. मेकओव्हरमुळे एका झटक्यात आधी आणि नंतर असा फरक दिसतो, शिवाय केस कापण्यावरून हमखास अश्रू येतात. आव्हानाच्या बक्षिसात प्रायोजकाची वस्तू सहज बसते. परदेशी प्रवास पर्यटन संस्थांना उपयोगाचा असतो. शेवटच्या टप्प्यात स्पर्धक एखाद्या सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात करून दाखवते, म्हणजे कार्यक्रमाच्या पोटातच जाहिरात दाखवली जाते. अमेरिकेत अनेक वर्षे विजेतीला ‘कव्हरगर्ल’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीचा १ लाख डॉलरचा करार मिळत असे. प्रेक्षकाला ते बक्षीस वाटते, पण कंपनीच्या हिशेबात तो पर्वभर चालणाऱ्या जाहिरातीचा एक भाग असतो.

सारे आपोआप घडते हा समजही बाजूला ठेवायला हवा. जुलै २००६ मध्ये या कार्यक्रमावर काम करणाऱ्या १२ जणांनी लेखक म्हणून मान्यता आणि संघटनेचे संरक्षण मिळावे, यासाठी संप केला. शेकडो तासांच्या चित्रीकरणातून कोणती तरुणी कोणत्या स्वभावाची म्हणून दिसेल, कुठले वाक्य कुठल्या प्रसंगापुढे ठेवले जाईल, हे तेच ठरवत होते, आणि हे लेखकाचेच काम आहे असे त्यांचे म्हणणे होते. संप फसला आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. पण पटकथा नसलेल्या कार्यक्रमालाही कोणीतरी कथा रचून देत असते, हे त्यामुळे चारचौघांत आले. म्हणूनच निकालाच्या खोलीत एकाच वेळी दोन मोजमापे चालू असतात. छायाचित्र कसे आले हे एक आणि ही स्पर्धक पुढच्या भागात असली तर कार्यक्रम बघवेल का हे दुसरे. दुसरे मोजमाप कोणी बोलून दाखवत नाही, पण बघायची सवय लागलेल्या माणसाला ते लवकरच ओळखू येते.

आता या यंत्रणेच्या देशांतराकडे वळू. रशियाने २००४ मध्येच आपली आवृत्ती काढली, २००५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन आले, २००६ मध्ये जर्मनी, कॅनडा आणि नेदरलँड्स, आणि पुढे ही संख्या वीसच्या वर गेली. परवाना घेणाऱ्या वाहिनीला सर्वांत आधी टायराच्या जागी कोण, हे ठरवावे लागते. त्या व्यक्तीने स्वतः हा व्यवसाय गाजवलेला असावा, स्पर्धकांना बाद करण्याचा नैतिक अधिकार तिला आहे असे प्रेक्षकांना वाटावे, आणि तिचे नाव घरोघरी माहीत असावे, या तीन अटी एकत्र पुऱ्या होणे सोपे नसते. जर्मनीला हायडी क्लूम मिळाली, दक्षिण कोरियाला जांग युन-जू, आफ्रिका खंडाच्या आवृत्तीला नायजेरियाची ओलुची, ब्रिटनला काही पर्वे ऑस्ट्रेलियाची एल मॅकफर्सन. भारतात पहिली दोन पर्वे लिसा हेडनने सांभाळली, जी मॉडेलही होती आणि हिंदी चित्रपटांतली अभिनेत्रीही. आपल्याकडे मॉडेलला घरोघरी ओळख मिळते ती बहुधा चित्रपटामुळेच, हे त्या निवडीतून दिसतेच.

जर्मनीची आवृत्ती जरा सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण मूळ अमेरिकी कार्यक्रम थांबल्यावरही ती चालू राहिली. प्रोझीबेन वाहिनीवर २००६ मध्ये ती सुरू झाली आणि लेना गेर्के पहिली विजेती ठरली. जर्मन निर्मात्यांनी दोन मोठे फेरफार केले. पहिला असा की, स्पर्धा चालू असतानाच खऱ्या ग्राहक कंपन्या स्पर्धकांची निवड करायला येतात आणि जिची निवड होईल तिला खरे, पैसे मिळणारे काम मिळते. त्यामुळे परीक्षकांच्या मताखेरीज बाजाराचे मतही पडद्यावर येते, आणि परीक्षकांची लाडकी मुलगी एकही काम मिळवू शकली नाही तर ते लपत नाही. मूळ साच्यात झालेल्या बदलांपैकी हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, जरी त्यातही प्रायोजकांचा फायदा उघड असला तरी. दुसरा बदल अंतिम सोहळ्याचा. अमेरिकेत अंतिम निकाल आधी चित्रित केलेला असे. जर्मनीत तो मोठ्या सभागृहात हजारो प्रेक्षकांसमोर थेट प्रक्षेपित होऊ लागला. बाद करण्याची रीतही तिथे वेगळ्या वाक्यावर येऊन थांबते: ‘आज माझ्याकडे तुझ्यासाठी दुर्दैवाने छायाचित्र नाही’ हे हायडी क्लूमचे वाक्य जर्मन बोलण्यात चेष्टेने वापरले जाण्याइतके रुळले.

थेट प्रक्षेपणाचे दामही मोजावे लागले. १४ मे २०१५ रोजी मानहाइम येथील सोहळा बॉम्बच्या धमकीमुळे मध्येच थांबवून सभागृह रिकामे करावे लागले आणि निकाल दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये आधी चित्रित केलेल्या भागातून दाखवला गेला. ऑस्ट्रेलियातील अडचण निराळी होती. तिथे अंतिम निर्णयात प्रेक्षकांची मते धरली जात होती आणि तीही थेट सोहळ्यात जाहीर होत. सप्टेंबर २०१० मध्ये सिडनीतल्या सोहळ्यात सूत्रसंचालक सेरा मर्डॉकने केल्सी मार्टिनोविचला विजेती म्हणून जाहीर केले. तिचे आभाराचे भाषणही सुरू झाले, आणि मग कानातल्या यंत्रातून सूचना आल्यावर विजेती अमांडा वेअर असल्याचे सेराला सांगावे लागले. केल्सीला भरपाई म्हणून २५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आणि न्यूयॉर्कचा प्रवास मिळाला. निकाल प्रेक्षकांच्या हाती दिला की त्यांचा सहभाग वाढतो, पण चूक झाकायला संकलकाची कात्री उरत नाही.

लहान बाजारपेठांचा प्रश्न पैशाचा असतो. फोटोशूट, परदेश प्रवास, नामवंत छायाचित्रकार यांचा खर्च देशाच्या लोकसंख्येबरोबर कमी होत नाही, जाहिरातीचे उत्पन्न मात्र कमी होते. म्हणून काही ठिकाणी देश एकत्र केले गेले. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी २००९ मध्ये ‘बेनेलक्स’ या नावाने संयुक्त आवृत्ती काढली, पण ती दोनच पर्वे टिकली आणि नेदरलँड्स पुन्हा स्वतःच्या आवृत्तीकडे वळला. स्टार वर्ल्डने नोव्हेंबर २०१२ मध्ये आणलेली ‘एशियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ जास्त यशस्वी झाली. २०१८ पर्यंत तिची सहा पर्वे झाली आणि थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांच्या तरुणी जिंकल्या. अशा संयुक्त आवृत्तीत एक नवे कथानक आयते मिळते ते म्हणजे देशाभिमान. स्पर्धक एकटी उरत नाही, तिच्यामागे तिचा देश समाजमाध्यमांवर उभा राहतो. एकाच देशाच्या आवृत्तीत अशी चुरस उभी करायला निर्मात्यांना खूप मेहनत घ्यावी लागली असती.

नेदरलँड्सनेच या स्पर्धांच्या बक्षिसाविषयी सर्वांत बोलका खटला दिला. २००८ ची विजेती आनंदा मार्चिल्डन हिला एलिट या एजन्सीचा तीन वर्षांचा, ७५ हजार युरोचा करार जाहीर झाला होता. नंतर तिच्या नितंबाचा घेर ९० सेंटिमीटर असावा आणि तो ९२ आहे, असे एजन्सीचे म्हणणे पडले आणि तिला प्रत्यक्षात १० हजार युरोच मिळाले. ती न्यायालयात गेली, आणि २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने उरलेले ६५ हजार युरो तिला देण्याचा आदेश दिला. पडद्यावर ‘करार’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा प्रेक्षकाला रोख रक्कम दिसते. या व्यवसायात मात्र करार म्हणजे अनेकदा काम मिळाले तर त्यातून कमाई, असा असतो. दूरचित्रवाणी ज्या शरीराला विजेती ठरवते, ते एजन्सीच्या मोजपट्टीवर बसेलच असे नाही, हा या दोन व्यवसायांमधला जुना बेबनाव या निकालाने कागदावर आला.

त्या मोजपट्टीचेही देशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे रूपांतर झाले. अमेरिकेत सुरुवातीला १८ ते २७ वर्षे वय आणि किमान ५ फूट ७ इंच उंची अशा अटी होत्या. २००८ मध्ये व्हिटनी थॉम्पसन ही ठरलेल्या मापापेक्षा भरदार बांध्याची पहिली विजेती ठरली, २००९ चे एक पर्व ५ फूट ७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या तरुणींसाठीच घेतले गेले, २०१३ मध्ये पुरुष आले, २०१५ मध्ये नाइल डिमार्को हा कर्णबधिर तरुण जिंकला आणि २०१८ मध्ये वयाची वरची मर्यादाच काढली गेली. पुरुषांना घेण्याचा बदल व्हिएतनामनेही २०१३ मध्येच केला, पोलंडने २०१४ मध्ये, जर्मनीने मात्र २०२४ पर्यंत वाट पाहिली. जर्मनीत २०२१ मध्ये अलेक्स मरिया पेटर ही पहिली पारलिंगी विजेती ठरली. हे बदल समाजाच्या दबावामुळे झाले की प्रत्येक पर्वाला काहीतरी नवे हवे म्हणून, हे वेगळे करणे अवघड आहे. बहुधा दोन्ही हात एकाच वेळी लागले. जर्मनीत ‘पिंकस्टिंक्स’ या संघटनेने कार्यक्रमाच्या सौंदर्यकल्पनेविरुद्ध उघड मोहीम चालवली होती. कायद्यानेही इकडे लक्ष घातले. इस्रायलने २०१२ मध्ये जाहिरातीतल्या मॉडेलचा शरीरभार निर्देशांक १८.५ पेक्षा कमी नसावा असा कायदा केला, तर फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. जिथे असे नियम असतील, तिथे ‘बायबल’मधले निकष कितीही ठाम असले तरी त्यांना स्थानिक कायद्यापुढे वाकावे लागते.

भारतात या साच्याला मोकळी जागा मिळाली नव्हती. इथे मॉडेल होण्याच्या वाटा आधीच तयार होत्या: मिस इंडिया, ग्लॅडरॅग्ज आणि फेमिनाची ‘लुक ऑफ द इयर’. त्या शेवटच्या वाटेने १९९६ मध्ये मुंबईची उज्ज्वला राऊत पुढे आली आणि टीव्हीवरच्या घरात एक दिवसही न राहता पॅरिस व न्यूयॉर्कच्या रॅम्पवर पोहोचली. पुढे २०१९ मध्ये तीच ‘सुपरमॉडेल ऑफ द इयर’ची मार्गदर्शक म्हणून पडद्यावर आली. ‘इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’च्या विजेत्या डॅनिएल कॅन्यूट, प्रणती राय प्रकाश, रिया सुबोध आणि उर्वी शेट्टी. त्यांपैकी प्रणती लवकरच अभिनयाकडे वळली. फॅशनचा स्वतंत्र बाजार लहान आणि चित्रपट, वेबमालिका व जाहिरातींचा बाजार प्रचंड, अशा देशात ‘टॉप मॉडेल’ हे मुक्कामाचे ठिकाण न राहता वाटेवरचे स्थानक होते. एमटीव्हीच्या तरुण प्रेक्षकाला ते मान्यही होते.

या स्पर्धांतून खरोखर मॉडेल घडतात का, असे नेहमी विचारले जाते. काही घडल्या. ऑस्ट्रेलियाची २००७ ची विजेती ॲलिस बर्डू मोठ्या फॅशन घराण्यांसाठी रॅम्पवर चालली, आणि २०१३ च्या आफ्रिकी आवृत्तीची विजेती, युगांडाची आमितो लागुम, आंतरराष्ट्रीय व्यवसायात स्थिरावली. पण अमेरिकी कार्यक्रमातून पुढे आलेले कदाचित सर्वांत मोठे नाव विजेतीचे नाही. कोड असलेली विनी हार्लो २०१४ च्या पर्वात बाद झाली आणि त्यानंतर जगप्रसिद्ध झाली. एजन्सीला हवे असते ते ओळखता येईल असे वेगळेपण. दूरचित्रवाणीला हवी असते ती पंधरा आठवडे ताणता येईल अशी कथा. दोन्ही एकाच मुलीत सापडणे हा योगायोग असतो.

इन्स्टाग्रामने तर साच्याच्या मुळाशीच हात घातला, कारण अनोळखी मुलीला जगासमोर आणण्यासाठी आता वाहिनीची गरज उरली नाही. अमेरिकेत सीडब्ल्यू वाहिनीने, जिथे यूपीएन २००६ मध्ये विलीन झाली होती, २०१५ मध्ये कार्यक्रम बंद केला. व्हीएच-वन वाहिनीवरची त्यानंतरची दोन पर्वेही त्याला सावरू शकली नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदीत जुने भाग पुन्हा पाहणाऱ्यांनी स्पर्धकांना दिलेली वागणूक आणि दुसऱ्या वंशाचे दिसण्यासाठी त्यांचा रंग बदलून केलेली फोटोशूट यांवर झोड उठवली, आणि टायरा बँक्सला काही निवडी चुकल्याचे मान्य करावे लागले. पोलंड आणि जर्मनीतल्या आवृत्त्या मात्र टिकल्या. जर्मनीत तरी त्याचे एक कारण मला स्पष्ट दिसते: तिथे हा कार्यक्रम मॉडेल शोधण्याचे एकमेव दार आहे असा दावा प्रेक्षक फारसा गांभीर्याने घेत नाही. स्पर्धकाला खरे काम मिळते की नाही हे पडद्यावरच कळते, सूत्रसंचालक बदलत नाही, आणि दर वर्षी ठरलेल्या हंगामात एक मोठा थेट सोहळा होतो. त्यामुळे वाहिनीला जाहिरातीचे उत्पन्न आणि प्रायोजकाला त्याची जागा पर्व सुरू होण्याआधीच विकता येते.